हिरव्या कानांचा लॅपटॉप

शेतात, खाणीत, छावणीत किंवा खेड्यातल्या शाळेत चालवायचा लॅपटॉप घडवताना अभियंत्याला पाच गोष्टींशी झुंजावे लागते: हातातून पडणे, धूळ, पाणी, ऊन आणि विजेचा तुटवडा. कार्यालयातल्या लॅपटॉपची यांपैकी कशाशीच रोज गाठ पडत नाही. त्याच्या पोटात पंखा असतो, पंख्याला हवा लागते, हवेसाठी जाळी ठेवावी लागते आणि त्या जाळीतूनच धूळ व पाणी आत शिरते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क धक्क्याने निकामी होते. पडदा उन्हात काळा पडतो. बिजागरीतून गेलेल्या बारीक तारा उघडझापीने तुटतात. त्यामुळे एखादा भाग मजबूत करून भागत नाही, सगळी रचनाच पायापासून नव्याने मांडावी लागते.

अशा यंत्रांचा कस लावण्याची पद्धत लष्कराने घालून दिली. अमेरिकी हवाई दलाने १९६२ मध्ये ‘मिल-एसटीडी-८१०’ हे चाचण्यांचे मानक प्रसिद्ध केले. ठरावीक उंचीवरून पाडणे, हादरवत ठेवणे, खारट धुक्यात आणि धुळीच्या वाऱ्यात ठेवणे, तापवणे आणि गोठवणे अशा चाचण्यांची ती जंत्री आहे. आजही खडतर वापराच्या लॅपटॉपच्या खोक्यावर तिचा हवाला छापलेला असतो. त्याच्या शेजारी ‘आयपी ६५’ यासारखा आकडा असतो. त्यातला पहिला अंक धुळीपासूनचे संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचे. १९८२ मध्ये बाजारात आलेला ‘ग्रिड कंपास’ हा या घराण्याचा मूळपुरुष म्हणता येईल. बिल मॉग्रिज यांनी त्याला मॅग्नेशियमचे कवच दिले होते, आणि फिरत्या तबकडीऐवजी त्यात ‘बबल मेमरी’ होती. नासाने तो अवकाशयानातून नेला. त्याची किंमत मात्र आठ हजार डॉलरांच्या वर होती. पॅनासॉनिकची ‘टफबुक’ मालिका १९९६ मध्ये सुरू झाली, तीही पोलीस, लष्कर आणि तेलकंपन्या यांनाच परवडणारी. टिकाऊपणा आणि स्वस्ताई यांची सांगड घालण्याच्या वाटेला वीसएक वर्षे कोणी फारसे गेले नाही.

भारतात हा प्रयत्न आधी झाला तो बंगळुरात. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या न्यासाने एप्रिल २००१ मध्ये ‘सिंप्युटर’चा नमुना लोकांपुढे ठेवला. तो लॅपटॉप नव्हता, तळहातावर मावणारे यंत्र होते. साध्या पेन्सिल सेलवर चालणारे, भारतीय भाषांत बोलून दाखवणारे आणि स्मार्टकार्डाच्या खाचेमुळे एका गावाने मिळून वापरता येईल असे. भारत इलेक्ट्रॉनिक्सने २००४ मध्ये त्याची ‘अमिडा’ ही आवृत्ती विक्रीला काढली. खप काही हजारांपलीकडे गेला नाही. त्याच घडणीतून एन्कोरने लष्करासाठी ‘साथी’ हे रणभूमीवर वापरायचे यंत्र तयार केले. खेड्यासाठी योजलेले यंत्र शेवटी सैनिकाच्या हाती गेले, कारण मजबुतीचे पैसे मोजणारा ग्राहक तिथेच होता.

पुढचा प्रयत्न अमेरिकेतून झाला. एमआयटीच्या मीडिया लॅबचे संस्थापक निकोलस निग्रोपाँटे यांनी जानेवारी २००५ मध्ये दावोस येथे शंभर डॉलरांच्या लॅपटॉपची घोषणा केली. त्यामागचा शैक्षणिक विचार सीमूर पॅपर्ट यांचा होता: मूल यंत्राकडून शिकत नाही, यंत्राला शिकवता शिकवता शिकते. दोघांनी १९८२ मध्ये सेनेगलमधील डाकार येथे शाळकरी मुलांना संगणक देऊन पाहिले होते. नव्या संस्थेचे नाव ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’, म्हणजे दर मुलामागे एक लॅपटॉप, असे ठेवण्यात आले. यंत्र मुलाच्या मालकीचे असेल आणि ते घरी नेता येईल, ही तिची पहिली अट. रचनेच्या दृष्टीने सगळ्यात अवघड अट हीच होती. शाळेच्या कपाटात राहणाऱ्या यंत्राला बेताची मजबुती पुरते. सहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरातून रोज घरी जाणाऱ्या यंत्राचे तसे नसते.

नोव्हेंबर २००५ मध्ये ट्यूनिस येथील जागतिक परिषदेत निग्रोपाँटे आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी पहिला नमुना जगाला दाखवला. हिरवे अंग आणि वीज तयार करण्यासाठी बाजूला पिवळा दांडा. अन्नान यांनी दांडा फिरवला आणि तो त्यांच्या हातात आला. त्या प्रसंगाची पुढे पुष्कळ चर्चा झाली, पण अभियंत्यांनी त्यातून घेतलेला बोध अधिक महत्त्वाचा आहे. दांडा फिरवताना पडणारा पीळ थेट लॅपटॉपच्या अंगावर येतो आणि सांधे खिळखिळे करतो. ज्या यंत्राला टिकायचे आहे त्याच्याच देहावर वीज दळण्याचे काम लादणे चूक होते. दांडा काढून टाकण्यात आला, आणि हाताने, सूर्यप्रकाशाने किंवा बॅटरीने वीज पुरवणारे साधन बाहेर वेगळे ठेवायचे ठरले.

तैवानची क्वांटा ही कंपनी उत्पादक म्हणून नेमली गेली. जगात विकल्या जाणाऱ्या अनेक नामवंत लॅपटॉपची खरी निर्माती तीच होती. यानंतरचे दीड वर्ष नमुन्यांचे. २००६ च्या मध्यावर नुसते सर्किट बोर्ड तयार झाले, ना पेटी ना पडदा, आणि ते जगभरच्या प्रोग्रामरांकडे गेले. नोव्हेंबर २००६ मध्ये ‘बी-१’ ही पहिली पूर्ण यंत्रे जुळवली गेली. २००७ च्या सुरुवातीला ‘बी-२’ आली आणि ती नायजेरियातील गालादिमा, ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे, थायलंडमधील बान साम्खा अशा ठिकाणच्या शाळांत पोचली. ‘बी-३’ आणि ‘बी-४’ मध्ये प्रोसेसर बदलून ४३३ मेगाहर्ट्‌झचा एएमडी जिओड बसवला, रॅम १२८ वरून २५६ मेगाबाइटवर नेली आणि साठवणीला एक गिगाबाइटची फ्लॅश दिली. प्रत्येक फेरीत यंत्रे पाडली, पिळली, तापवली आणि मग मुलांच्या हाती दिली. प्रयोगशाळेत न मोडलेली यंत्रे मुलांच्या हाती मोडली, तेव्हा पुढची फेरी त्या मोडतोडीवर बेतली गेली. नोव्हेंबर २००७ मध्ये चीनमधील छांगशू येथील कारखान्यात नियमित उत्पादन सुरू झाले. यंत्राला नाव मिळाले ‘एक्सओ’.

बंद एक्सओ हातात घेतला की तो वहीपेक्षा फार मोठा वाटत नाही. लांबी २४ सेंटिमीटर, जाडी सव्वातीन, वजन दीड किलोच्या आत. मागच्या कडेला अंगातूनच काढलेली मूठ आहे. झाकणाच्या दोन्ही बाजूंना सशाच्या कानांसारख्या दोन हिरव्या पट्ट्या असतात. त्या वर वळवल्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही. वर केल्या की त्या वाय-फायच्या अँटेना होतात आणि त्यांच्याखाली लपलेली यूएसबीची तोंडे मोकळी होतात. मिटवल्या की त्याच पट्ट्या झाकणाच्या कड्या बनतात आणि तोंडे धुळीपासून झाकतात. एका भागाने तीन कामे करायची, म्हणजे भाग कमी आणि मोडण्याच्या जागाही कमी. ईव्ह बेहार यांच्या फ्यूजप्रोजेक्ट या संस्थेची ही कल्पना सबंध यंत्रातली सर्वांत सुंदर म्हणावी लागेल.

प्लास्टिकची जाडी दोन मिलिमीटर ठेवली होती, एरवी लॅपटॉपची असते सव्वा-दीडच्या आत. पंखा नाही, फिरती डिस्क नाही, तळाशी भोके नाहीत. मुख्य बोर्ड नेहमीप्रमाणे कळफलकाखाली न ठेवता पडद्यामागे बसवला. त्यामुळे पडदा आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या तारांना बिजागरीतून जावेच लागत नाही, आणि उष्णता पडद्याच्या पाठीने बाहेर जाते, मुलाच्या मांडीवर उतरत नाही. कळफलक अखंड रबरी पत्र्याचा, पाणी सांडले तरी आत न जाऊ देणारा. आणि मुठीच्या पोकळीत काही जादा स्क्रू ठेवलेले असत, कारण दूरच्या गावात यंत्र उघडले की स्क्रू हरवणार हे रचनाकारांनी गृहीत धरले होते. दोन-चार पैशांच्या त्या स्क्रूंतून हे यंत्र कोणासाठी बनले ते जितके कळते, तितके कोणत्याही जाहिरातीतून कळत नाही.

पडद्याचे काम मेरी लू जेप्सेन यांचे. साडेसात इंचांच्या त्या पडद्याला दोन स्वभाव होते. घरात मागचा दिवा लावला की तो रंगीत दिसे. उन्हात दिवा बंद केला की बाहेरचाच प्रकाश परतवून तो कृष्णधवल होई, १२०० गुणिले ९०० ठिपक्यांचा, पुस्तकाच्या छपाईइतका स्पष्ट. झाडाखाली, अंगणात, बांधावर बसून वाचता येणारा लॅपटॉप या किमतीत आधी कोणी केला नव्हता. विजेची बचतही त्यातच होती. मुलाने पान वाचायला घेतले की प्रोसेसर झोपी जाई आणि एक वेगळी चिप पडद्यावरचे चित्र तसेच धरून ठेवी. नेहमीच्या लॅपटॉपला त्या काळी वीस-तीस वॅट लागत, एक्सओचे काम त्याच्या लहानशा हिश्शात भागे. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी पेट घेण्याच्या धोक्यापासून बरीच दूर आणि पुष्कळ वेळा चार्ज होणारी होती. बाहेरून येणारा विद्युतदाब ११ ते १८ व्होल्टमध्ये कुठेही असला तरी यंत्र तो स्वीकारी, उलटी जोडणी झाली तरी जळत नसे. म्हणजे ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला दोन तारा लावून ते चार्ज करता येत होते.

शंभर डॉलरांचे वचन पाळले गेले नाही. २००७ च्या शरदात किंमत १८८ डॉलरवर थांबली. भारत सरकारने त्याआधीच, २००६ च्या मध्यावर, नकार कळवला होता. मानव संसाधन विकास मंत्रालयाचे सचिव सुदीप बॅनर्जी यांनी नियोजन आयोगाला लिहिले की या कल्पनेचा शैक्षणिक आधार संशयास्पद आहे आणि देशाला आधी वर्गखोल्या व शिक्षक हवे आहेत. हा आक्षेप हलका नव्हता. एका मुलामागे १८८ डॉलर म्हणजे त्या वेळच्या दराने साडेसात हजार रुपये, आणि गळक्या छपराच्या शाळा देशात हजारोंनी होत्या.

तरीही यंत्र भारतात आले, आणि पहिल्यांदा आले ते महाराष्ट्रात. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट-धनगरवाडा येथील प्राथमिक शाळेत ऑक्टोबर २००७ मध्ये प्रयोग सुरू झाला. रिलायन्स एडीए समूहाची त्याला मदत होती. शाळा एकशिक्षकी, पहिली ते चौथीची विशीच्या आसपास मुले एकाच खोलीत. रचनाकारांनी कागदावर मांडलेल्या जवळजवळ सगळ्या अडचणी इथे एकत्र होत्या. कर्जतला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, म्हणून दमटपणा हा चार महिन्यांचा मुक्काम. उन्हाळ्यात धूळ. आणि २००७ मध्ये ग्रामीण महाराष्ट्रात तासन्‌तास भारनियमन असल्यामुळे विजेचा भरवसा नाही. एक्सओचे ‘मेश’ जाळे अशा जागी विशेष उपयोगी होते: इंटरनेट असो वा नसो, जवळपासचे लॅपटॉप आपापसांत जोडले जात आणि एकाने काढलेले चित्र दुसऱ्याला दिसे. चार इयत्तांना एकच शिक्षक असलेल्या वर्गात, गुरुजी एका इयत्तेकडे वळले की बाकीच्यांच्या हाताला काम देणारे साधन म्हणून त्याचे मोल होते.

देवनागरीचा प्रश्न यंत्राच्या मजबुतीइतकाच खरा होता, कारण मुलाला आपले नाव लिहिता आले नाही तर पाणीरोधक कळफलकाचा उपयोग काय? एक्सओसाठी देवनागरी अक्षरे छापलेला रबरी कळफलक तयार झाला. यंत्राची कार्यप्रणाली रेड हॅट कंपनीच्या ‘फेडोरा’ या लिनक्स प्रणालीवर उभी होती, आणि फेडोरासोबत भारतीय लिप्यांसाठी येणारे ‘लोहित’ हे खुले टंक पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले होते. रेड हॅटने ते २००४ मध्ये सर्वांसाठी मोकळे केले.

मुले रोज हाताळू लागली तशी उणीव उघडी पडली, आणि ती जिथे संरक्षण सर्वांत जास्त समजले गेले तिथेच होती. रबरी कळफलकाच्या कळा काही काळाने अडकून बसत. पत्रा कडेने फाटे, आणि एकदा फाटला की मुलांची बोटे तो आणखी उचकटत. टचपॅडही बिनसे: दमट बोटांनी बाण पडद्यावर भलतीकडे उडी मारी. दोन्ही गोष्टी नंतरच्या आवृत्त्यांत सुधारल्या गेल्या, पण वाटून झालेल्या यंत्रांचे काय, हा प्रश्न उरला. गालादिमाच्या मुलांनी शाळेतच ‘लॅपटॉपचे इस्पितळ’ काढले होते आणि ती बिघडलेली यंत्रे उघडून जोडत. मुठीतले जादा स्क्रू अशाच हातांसाठी होते. उरुग्वेने देशभरच्या प्राथमिक शाळांना एक्सओ दिले, तेव्हा त्या सरकारला दुरुस्तीची स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागली.

इथे पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीचा विचार करणे उपयोगी ठरते. पासोड्या विठोबाच्या परिसरातला हा विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट इथल्या काउंटरवर जुळतात: रेझिस्टर, कपॅसिटर, रिले, एलईडी, ट्रान्सफॉर्मर, कनेक्टर, बारा व्होल्टचे अडॅप्टर, सोल्डरची रिळे. पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावचा दुरुस्तीवाला सामानासाठी अशाच बाजारावर अवलंबून असतो. या बाजाराच्या कसोटीवर एक्सओचे दोन भाग स्वच्छ वेगळे पडतात. त्याची वीजजोडणी इथे बसण्याजोगी होती, कारण साधा बारा व्होल्टचा पुरवठा तिला चाले. पडद्यामागच्या दिव्याचे एलईडीही जागच्या जागी बदलता येतील असे ठेवले होते. मात्र खुद्द पडदा, कळफलक, टचपॅड आणि बॅटरी हे खास त्या यंत्रासाठी घडवलेले भाग होते. ते गल्लीतल्या कोणत्याच दुकानात मिळणारे नव्हते, कारण दुसऱ्या कोणत्याही लॅपटॉपला ते लागत नव्हते. किंमत आणि वीज वाचवण्यासाठी जे वेगळेपण पत्करले, तेच दुरुस्तीच्या वेळी आड आले. खडतर वापराचे यंत्र मोडत नाही असे नसते, ते उशिरा मोडते. त्यानंतर त्याचे आयुष्य जवळच्या बाजारात काय मिळते यावर ठरते. लष्कराच्या मानकात या गोष्टीची चाचणी नाही, कारण लष्कराचे स्वतःचे कोठार असते.

जगभरात मिळून वीस लाखांहून अधिक एक्सओ वाटले गेले. सर्वांत मोठा ग्राहक पेरू. तेथील शाळांचा आंतरअमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी अभ्यास केला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गणित आणि भाषेच्या गुणांवर लॅपटॉपचा परिणाम आढळला नाही. संस्थेतही फूट पडली. जेप्सेन उत्पादन सुरू होताच बाहेर पडल्या आणि त्यांनी उन्हात वाचता येणारे पडदे बनवण्यासाठी वेगळी कंपनी काढली. सॉफ्टवेअरची बाजू सांभाळणारे वॉल्टर बेंडर २००८ मध्ये गेले. दरम्यान आसुसचा ‘ई-पीसी’ २००७ च्या अखेरीस आला आणि लहान, स्वस्त लॅपटॉपची लाट उसळली. किंमत उतरवण्याचे श्रेय एक्सओला द्यायलाच हवे, पण या नव्या लॅपटॉपनी त्याची स्वस्ताई उचलली आणि मजबुती मागे ठेवली.

भारत सरकारने नकारानंतर स्वतःचे यंत्र काढायचे ठरवले. तेव्हाचे मानव संसाधन विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ हा टॅबलेट दिल्लीत जाहीर केला. सात इंचांचा पडदा, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट रॅम आणि किंमत सव्वादोन हजार रुपयांच्या घरात. बनवणारी कंपनी डेटाविंड, देखरेख आयआयटी राजस्थानची. लवकरच दोघांत वाद पेटला, आणि तो नेमका मजबुतीच्या चाचणीवरून. संस्थेने अमेरिकी लष्करी मानकाचा आधार घेत तासाला चार इंच पावसाचा मारा सोसण्यासारख्या अटी पुढे केल्या आहेत, अशी कंपनीची तक्रार होती. पन्नास डॉलरांच्या टॅबलेटला ही कसोटी झेपणारी नव्हती. दुसऱ्या बाजूने पाहता, विद्यार्थ्याच्या हाती द्यायचे यंत्र पावसात टिकावे ही अपेक्षाही गैर नव्हती. मधली वाट, म्हणजे पाऊस किती, पडणे किती उंचीवरून, वापर किती वर्षे आणि बिघडल्यावर कोणी दुरुस्त करायचे हे भारतीय शाळेच्या मोजमापाने आधी ठरवून मग किंमत काढणे, ती त्या करारात सापडली नाही.

२०१२ मध्ये काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे आले. प्रा. दीपक फाटक यांच्या चमूने दुसरी आवृत्ती पुढे नेली: एक गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, दुप्पट रॅम आणि दाब देऊन चालणाऱ्या पडद्याऐवजी बोटाच्या स्पर्शाने चालणारा पडदा. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी ती राष्ट्रपतींच्या हस्ते जाहीर झाली. फाटक यांनी भर दिला तो शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आणि यंत्रावर चालणाऱ्या शैक्षणिक सॉफ्टवेअरवर. पुढच्या आवृत्तीच्या तांत्रिक अटी ठरल्या, पण मोठी खरेदी झाली नाही आणि २०१५ मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला. एक्सओमागच्या मूळ संस्थेचे बोस्टनमधील कार्यालय त्याआधी, २०१४ मध्येच, बंद झाले होते. एक्सओचे ‘शुगर’ हे सॉफ्टवेअर बेंडर यांनी उभारलेल्या शुगर लॅब्ज या स्वयंसेवी गटाने पुढे चालू ठेवले, आणि ते साध्या जुन्या संगणकांवरही चालते.